कीटकांचें पंचांग

आमच्या घरीं दरसाल गुढीपाडव्यास नवें पंचांग येई. वर्षफळ वाचून झालें कीं तें खुंटीस टांगलें जाई, आणि मग वर्षभर तिथि, नक्षत्र, मुहूर्त, ग्रहण एवढ्यापुरतें तें खालीं निघे. तिथींच्या त्या दाट ओळींत 'दिनमान' नांवाचा एक लहानसा रकाना असतो. त्याकडे कोणी मुद्दाम पाहत असलेलें आम्हांस आठवत नाहीं. अमुक दिवस किती घटी व किती पळें लांबीचा, एवढेंच त्यांत छापलेलें असतें. मुंबईकडे सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारें अकरा तासांचा. म्हणजे वर्षाचा सारा चढउतार साडेपांच-पावणेसहा घटींचा, आणि रोजचा फरक तर नुसत्या पळांचा. माणसाला तो जाणवत नाहीं, आणि जाणवून करावयाचें तरी काय, असेंच कोणीहि म्हणेल.

ज्या रकान्याची आम्हीं अशी उपेक्षा केली, तो रकाना असंख्य क्षुद्र किडे मात्र मोठ्या काळजीनें वाचीत असतात. हिंवाळ्याच्या झोपेची तयारी केव्हां करावयाची, हें ते थंडीवरून ठरवीत नाहींत. दिवसाच्या व रात्रीच्या लांबीवरून ठरवितात. ही गोष्ट माणसास प्रथम कळली ती १९२३ सालीं. किड्यांचें निरीक्षण तर त्यापूर्वीं दोनशें वर्षें मोठ्या निष्ठेनें चाललें होतें. इतक्या डोळस लोकांना इतकी उघड गोष्ट इतके दिवस कां दिसली नाहीं, आणि शेवटीं ती कशी दिसली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु आमच्या वऱ्हाडांतील कापसाच्या शेतापर्यंत तो येऊन पोहोंचतो, म्हणून वाचकांपुढें तो मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

किड्यांची ही झोप म्हणजे गारठून पडणें नव्हे, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. थंडीनें आंखडलेली माशी उन्हांत ठेवली कीं उडून जाते. ती कांहीं झोप नव्हे. खरी सुप्तावस्था निराळी. तींत शिरणारा किडा थंडी पडण्यापूर्वींच, कित्येकदां हवा उबदार व पाल्याची रेलचेल असतांना, खाणें आटोपतो, अंगांत चरबी सांठवितो, वाढ थांबवितो. आणि मग त्याला कितीहि ऊब दिली तरी तो महिनोन्‌महिने जागा होत नाहीं. कोणी अंड्यांत असतां असा थांबतो, कोणी अळी असतां, कोणी कोशांत, तर कोणी पूर्ण वाढ झाल्यावर. प्रत्येक जातीचा मुक्काम ठरलेला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनीं १८९३ सालीं टोळवर्गांतील एका किड्याच्या गर्भाचा अभ्यास करतांना 'डायापॉज' हा शब्द प्रथम योजिला. त्यांनीं तो गर्भाच्या हालचालींतील एका टप्प्यास लाविला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्नेगी यांनीं १९०४ सालीं तोच शब्द वाढीच्या या दीर्घ विरामास लाविला, आणि पुढें तो त्याच अर्थीं रुळला. अशा रीतीनें नांव तर मिळालें. कारण मात्र मिळावयाचें होतें.

कारण काय, असें त्या काळीं कोणासहि विचारिलें असतें तर उत्तर तयार होतें : थंडी. या उत्तरास मोठमोठ्यांचा आधार होता. फ्रान्सांतील रेओम्यूर यांनीं किड्यांवर जे जाडे ग्रंथ लिहिले, त्यांच्या १७३६ सालच्या दुसऱ्या खंडांत कोशस्थ किड्यांवरील त्यांचे प्रयोग आहेत. कांहीं कोश त्यांनीं गार तळघरांत ठेविले, तेव्हां पांखरें फार उशिरां बाहेर आलीं. कांहीं उबदार वनस्पतिगृहांत ठेविले, तेव्हां तीं ऐन हिंवाळ्यांत बाहेर पडलीं. एवढ्यानें समाधान न होऊन या गृहस्थांनीं कांचेचें पोकळ अंडें करवून त्यांत कोश घातले आणि तें चक्क कोंबडीखालीं उबवावयास ठेविलें! कोंबडीनें आपलें कर्तव्य चोख बजाविलें, व अंड्यांतून पिलूं निघण्याऐवजीं फुलपांखरूं निघालें. उष्णतेनें जीवनाची गति वाढते व थंडीनें मंदावते, हा रेओम्यूर यांचा निष्कर्ष खोटा नव्हता. परंतु गति मंदावणें निराळें आणि झोपेचा हुकूम सुटणें निराळें, हा भेद त्यांच्या ध्यानांत आला नाहीं.

दुसरा धागा माव्याचा. भाजीवर, हरभऱ्यावर, फुलझाडांवर पडणारा मावा आमच्या वाचकांच्या परिचयाचा असेलच. जिनीव्हाचे शार्ल बॉने यांनीं १७४० सालीं, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, जन्मल्या क्षणापासून एकटी कोंडून ठेविलेली एक माव्याची मादी रोज तासन्‌तास भिंगाखालीं पाहिली. नराचें दर्शनहि न होतां त्या मादीनें ९५ पिलें प्रसविलीं. सबंध उन्हाळाभर मावा असा नरावांचूनच वाढतो, आणि शरदांत मात्र एकाएकीं नर व मादी दोन्ही निपजतात, त्यांचा संयोग होतो, आणि हिंवाळा काढण्यासाठीं सुप्त अंडीं घातलीं जातात. शरदांतच हें कां घडावें? पुढें १८१५ सालीं जर्मनीच्या किबर यांनीं मावा उबदार खोलींत चार वर्षें पाळला. त्या चार वर्षांत नर निपजलाच नाहीं. झालें! ऊब आहे तोंवर नर नाहींत, थंडी आली कीं नर आले; सिद्धान्त पक्का ठरला. त्या खोलींत उष्णतेखेरीज दुसरें काय काय बदललें होतें, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षें कोणी विचारिला नाहीं.

वास्तविक या सिद्धान्तास एक तडा १८६९ सालींच गेला होता. पाश्चर यांचे सहकारी एमिल द्युक्लो यांनीं दाखवून दिलें कीं, उन्हाळ्यांत घातलेलीं रेशमाच्या किड्याचीं सुप्त अंडीं नुसतीं उबेंत ठेवून फुटत नाहींत. आधीं त्यांस कांहीं काळ थंडी लागावी लागते, मगच वसंतांतील ऊब कामास येते. याचा अर्थ नीट पाहिला तर चमत्कारिक आहे. ज्या थंडीला सर्वजण झोपविणारी म्हणत होते, ती झोप संपविण्याच्या कामीं लागत होती. आणि हीं अंडीं तर निजलीं होतीं ऐन उन्हाळ्यांत! मग त्यांस निजविलें कोणीं? रेशमाचा धंदा करणाऱ्यांनीं द्युक्लो यांच्या शोधाचा उपयोग करून घेतला, पण या प्रश्नाचा पाठपुरावा झाला नाहीं.

आम्हांस वाटतें, या दीर्घ चुकीचें मूळ माणसाच्या कातडींत आहे. थंडी आमच्या अंगाला झोंबते. ज्या कारणानें आम्ही शाल पांघरतो त्याच कारणानें किडाहि निजत असला पाहिजे, असें मनानें आधींच ठरवून टाकिलेलें असतें. दिवस दोन पळांनीं लहान झाला, हें मात्र कोणाच्याहि अंगाला झोंबत नाहीं.

दरवाजा उघडला तो किड्यांच्या बाजूनें नव्हे, वनस्पतींच्या बाजूनें. फ्रान्समध्यें ज्युलियें तूर्न्वा हे तरुण शास्त्रज्ञ भांग व हॉप या झाडांवर प्रयोग करीत असतां, उजेडाचे तास कमी केले कीं हीं झाडें अकालीं फुलतात, असें त्यांस १९१२ च्या सुमारास आढळलें. कारण दिवसाच्या लहानपणांत असण्यापेक्षां रात्रीच्या मोठेपणांत असावें, असेंहि त्यांनीं लिहिलें. इतका खोल विचार त्या काळीं दुसऱ्या कोणीं केलेला नव्हता. परंतु पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि त्यांत ते मारले गेले. धागा तुटला, तो अमेरिकेंत पुन्हां सांपडला. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथील सरकारी शेतावर गार्नर व ॲलर्ड हे दोघे तंबाखूच्या 'मेरिलँड मॅमथ' नांवाच्या एका जातीनें हैराण झाले होते. हें झाड उन्हाळाभर नुसतें उंच वाढे, पानांवर पानें येत, पण फूल येईना. बीं धरावयाचें कसें? तेंच झाड हिंवाळ्यांत कांचगृहांत लहान असतांनाच फुले. 'बिलॉक्सी' नांवाच्या सोयाबीनची तऱ्हा निराळी : मागेंपुढें कितीहि अंतरानें पेरलें तरी सगळें शेत एकाच सुमारास फुलावर येई. ऊब, ओल, खत या सर्वांचा हिशेब करून थकल्यावर शेवटीं राहिली ती दिवसाची लांबी. १९१८ च्या जुलैंत त्यांनीं एक अंधारी खोपटी उभी केली आणि रोज दुपारीं चार वाजतां कुंड्या आंत ढकलून दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां बाहेर काढण्याचा क्रम धरिला. ऐन उन्हाळ्यांत तंबाखू फुलली. १९२० सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि प्राण्यांच्या जीवनक्रमावरहि, उदाहरणार्थ पक्ष्यांच्या स्थलांतरावर, दिवसाच्या लांबीचा असाच ताबा असेल, असा तर्क त्यांनीं त्यांत करून ठेविला.

हा तर्क कीटकांपुरता खरा करून दाखविण्याचें श्रेय अमेरिकेंतीलच टेनेसी संस्थानचे सायमन मार्कोविच यांजकडे जातें. त्यांच्या हाताखालीं होता स्ट्रॉबेरीच्या मुळांवरचा मावा. बॉने यांच्या माव्याप्रमाणें याहि जातींत नर-मादी शरदांतच प्रकट होतात. मार्कोविच यांनीं गार्नर-ॲलर्ड यांची युक्ति उचलली व झाडें रोज ठराविक वेळीं अंधारांत झांकून दिवस कृत्रिम रीतीनें लहान केला. बाहेर हवा दिवसेंदिवस तापत चालली होती, थंडीचें नांव नव्हतें. तरी शरदांत दिसावयाचे ते नर व अंडीं घालणाऱ्या माद्या त्यांस उन्हाळ्याच्या तोंडींच दिसल्या. १९२३ व १९२४ सालीं ही हकीकत त्यांनीं छापली. किबर यांची चार वर्षांची उबदार खोली या एका प्रयोगानें निराळी दिसूं लागली. ऊब पुरेशी असली तर लहान दिवसाचा हुकूम रद्द होऊं शकतो, हें पुढील प्रयोगांनीं कळलें. म्हणजे किबर यांनीं पाहिलें तें खरें होतें, त्यावरून काढलेला अर्थ मात्र अपुरा होता. मार्कोविच यांच्या शोधाकडे त्या वेळीं लोकांचें फारसें लक्ष गेलें नाहीं. मावा तो काय, त्याचे नर केव्हां निपजतात याची पंचाईत कोणास!

जपानमध्यें ती पंचाईत होती, कारण तेथें रेशमाच्या बियांवर देशाचा मोठा व्यापार उभा होता. क्यूशू विद्यापीठांतील कोगुरे यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन आम्हांस या सर्व इतिहासांतील सर्वांत विलक्षण वाटतें. वर्षांत दोन पिढ्या काढणारा रेशमाचा किडा त्यांनीं घेतला. वसंतांत फुटणाऱ्या अंड्यांतून जी पिढी निघते तिचीं अंडीं लगेच फुटतात. त्यांतून जी दुसरी पिढी निघते तिचीं अंडीं मात्र निजतात व पुढल्या वसंतापर्यंत फुटत नाहींत. कोगुरे यांनीं शोधून काढलें कीं, अंडें निजणार कीं फुटणार हें तें घालणाऱ्या आईनें स्वतः अंड्यांत असतांना किती उजेड व किती ऊब अनुभविली, यावर ठरतें. आई वसंतांतल्या लहान व गार दिवसांत उबली असेल तर तिचीं अंडीं जागतात. उन्हाळ्यांतल्या मोठ्या व गरम दिवसांत उबली असेल तर तीं निजतात. येथें लहान दिवसाऐवजीं मोठा दिवस झोपेचा हुकूम देतो, कारण तो हुकूम एक पिढी आधीं द्यावयाचा असतो. जन्मापूर्वीं पाहिलेला उजेड तो किडा अळी होऊन चार वेळां कात टाकीपर्यंत, कोशांत जाऊन सगळें शरीर नव्यानें घडवीपर्यंत विसरत नाहीं, आणि शेवटीं आपल्या लेंकरांच्या कपाळीं तो लिहून ठेवतो. हा लेख कोणत्या शाईनें लिहिला जातो, हें जपान्यांनींच पुढें शोधिलें. फुकुदा व हासेगावा या दोघांनीं १९५१ च्या सुमारास स्वतंत्रपणें दाखविलें कीं, आईच्या मेंदूखालील एका ज्ञानग्रंथींतून एक द्रव्य स्रवतें व तें तयार होत असलेल्या अंड्यांस निजवितें. १९९१ सालीं त्या द्रव्याची रचनाहि उलगडली. चोवीस अमिनो आम्लांची ती एक लहानशी सांखळी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाला एकाएकीं भरती आली. कॅलिफोर्नियांत डिक्सन यांनीं १९४९ सालीं फळें पोखरणाऱ्या एका पतंगाच्या अळीवर बारकाईचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच सुमारास लेनिनग्राडमध्यें अलेक्सांद्र दानिलेव्हस्की कामास लागले होते. हे गृहस्थ रशियन कवि पुश्किन यांच्या वंशांतले. घराण्याचा वारसा त्यांनीं कवितेंत नव्हे, तर पतंगांच्या अळ्यांवर चालविला. त्यांचा १९६१ सालचा ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो. एकाच जातीचा पतंग त्यांनीं काळ्या समुद्राच्या कांठच्या सुखुमीहून आणविला, तसाच लेनिनग्राडच्या आसपासचाहि घेतला, आणि दोहोंस एकाच खोलींत सारख्याच उबेंत वाढविलें. सुखुमीचा पतंग दिवस सुमारें साडेचौदा तासांहून लहान झाल्यावर झोपेची तयारी करी; लेनिनग्राडचा मात्र सुमारें एकोणीस तासांच्या दिवसालाच 'आला हिंवाळा' म्हणे. (उत्तरेकडील उन्हाळ्यांतला संधिप्रकाश किड्यांच्या हिशेबीं दिवसांतच जमा होतो, हें येथें लक्षांत ठेवावें.) ज्या दिवसास दक्षिणेचा किडा भर उन्हाळा समजतो, त्याच दिवसास उत्तरेचा किडा हिंवाळ्याची पूर्वसूचना समजतो, आणि आपापल्या गांवीं दोघेहि बरोबर असतात! उत्तरेकडे पांच अक्षांश सरकलें कीं हें निर्णायक दिनमान सुमारें दीड तासानें वाढतें, असा ठोकताळा दानिलेव्हस्की यांनीं बांधिला. दोन्हीं गांवच्या पतंगांचा संकर केला तेव्हां संततीचें दिनमान मधलें आलें. म्हणजे हें पंचांग ज्या त्या गांवचें असून रक्तांतून उतरणारें आहे. पुण्याचें पंचांग काशीस चालत नाहीं, तसलाच हा प्रकार.

वाचकांच्या मनांत येथें एक शंका आली असेल. बारा तासांचा दिवस चैत्रांत येतो तसा आश्विनांतहि येतो. मग किडा फसत कां नाहीं? याचें एक सुंदर उत्तर केंब्रिजचे लीज यांनीं माव्याच्याच एका जातीवरून दिलें. हिंवाळी अंड्यांतून निघालेली पहिली मादी व तिच्या पुढील कांहीं पिढ्या लहान दिवसास दादच देत नाहींत. अंडें फुटल्यापासून सुमारें तीन महिने जणूं एक घड्याळ चालूं असतें, व तें संपेपर्यंत पंचांग उघडलें जात नाहीं. चैत्र असा निसटून जातो. तूर्न्वा यांनीं वनस्पतींविषयीं जो तर्क केला होता तोहि लीज यांच्या माव्यानें खरा केला : मावा मोजतो तो दिवस नव्हे, रात्र. रात्र साडेनऊ तासांहून मोठी झाली कीं त्याचा निर्णय फिरतो. आणि त्याच रात्रीच्या मध्यें योग्य वेळीं थोडा उजेड पाडला तर सगळा हिशेब मोडतो. पंचांगाच्या भाषेंत सांगावयाचें तर दिनमान नव्हे, रात्रिमान.

हा उजेड दिसतो तरी कोणाला? डोळ्यांना, असें वाटणें साहजिक आहे. लीज यांनीं १९६४ सालीं टांचणीच्या डोक्याएवढ्या माव्याच्या अंगावर जागोजाग केंसासारख्या बारीक प्रकाशनळ्या चिकटवून हें तपासलें. डोळ्यांवर पाडलेला जादा उजेड फारसा उपयोगी पडेना. डोक्याच्या मधोमध, खालीं मेंदू असलेल्या जागीं पाडला कीं परिणाम होई. त्याच वर्षीं अमेरिकेंत कॅरोल विल्यम्स व पेरी ॲडकिसन यांनीं चिनी टसरच्या कोशस्थ किड्यावर केलेला प्रयोग तर कथेंत शोभावा असा आहे. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या रानांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर जो टसरचा किडा पोसतात, त्याचाच हा भाऊबंद. कोशांत हिंवाळा काढतो व दिवस मोठे झाले कीं उठतो. एका लांकडी पडद्याला भोंकें पाडून त्यांत हे कोशस्थ किडे असे बसविले कीं डोकें एका बाजूस व शेपूट दुसऱ्या बाजूस यावें. एका बाजूस मोठा दिवस, दुसऱ्या बाजूस लहान. डोक्याकडे मोठा दिवस असला कीं किडा जागा होई. मग त्यांनीं मेंदू काढून शेपटाकडे बसविला व त्यावर पारदर्शक खिडकी लाविली. आतां शेपटाकडला दिवस मोठा झाला कीं किडा जागा होऊं लागला! मेंदू जेथें, तेथें पंचांग. तो मेंदू रात्रीचे तास मोजतो कसे, याविषयीं जर्मनीचे बुनिंग यांनीं १९३६ सालींच सुचविलें होतें कीं सजीवांच्या अंगीं दिवसरात्रीचें जें स्वयंभू घड्याळ असतें तेंच या कामीं येतें. घटिकापात्रासारखें रोज नव्यानें भरणारें साधन, कीं अखंड चालणारें घड्याळ, हा वाद त्यानंतर पुष्कळ वर्षें रंगला. लीज घटिकापात्राच्या पक्षाचे होते. तो सगळा वाद येथें मांडूं लागलों तर या लेखास दुसरा अंक लागेल.

ॲडकिसन यांचें नांव आलें तें बरें झालें, कारण त्यांचें मुख्य काम टसरवर नसून कापसाच्या गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळीवर होतें, आणि या अळीचा जन्मदाखला आमच्या बाजूचा आहे. १८४३-४४ च्या सुमारास सॉन्डर्स या इंग्रज शास्त्रज्ञानें तिचें प्रथम वर्णन केलें तें भडोचच्या कापसांतून आलेल्या नमुन्यांवरून. ही अळी निजावयाची झाली म्हणजे दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या पोकळींत बसते. सरकीच्या पोत्यांत निजलेल्या अळीला समुद्राचें भय कसलें? हिंदुस्थानच्या कापसाबरोबर ती १९०६-०७ च्या सुमारास इजिप्तांत उतरली, तेथून १९११ सालीं मेक्सिकोंत, आणि १९१७ सालीं टेक्ससमध्यें. ती जागी असती तर वाटेंतच मेली असती. झोपेनेंच तिला जग जिंकून दिलें.

टेक्ससमध्यें ॲडकिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत ठरविलें कीं, दिवस तेरा तासांहून लहान होऊं लागला कीं ही अळी निजूं लागते. त्या प्रांतांत ती वेळ ऑगस्टअखेर येते, व सप्टेंबर-ऑक्टोबरांत निजणाऱ्यांची संख्या वाढत जाते. मग उपाय सरळ झाला : कापूस लवकर तयार होणारा लावावा, ठरल्या तारखेच्या आंत वेंचणी आटोपावी व झाडें कापून गाडून टाकावीं, म्हणजे अळीला निजावयास खोलीच राहत नाहीं. तारखेच्या आंत पीक काढण्याचे नियम तेथें कायद्यानें पाळविले गेले. पुढें त्यास बीटी कापूस व नपुंसक केलेले पतंग सोडण्याची पद्धति यांची जोड मिळाली, आणि २०१८ सालीं या अळीचें आपल्या मुख्य भूमींतून निर्मूलन झाल्याचें अमेरिकेनें जाहीर केलें.

त्याच्या आदल्याच वर्षीं, २०१७ सालीं, विदर्भ-मराठवाड्यांत याच अळीनें हाहाकार उडविला होता. बीटी कापूस येथेंहि २००२ सालीं आला, दोन जनुकांचें वाण २००६ सालीं आलें. पण २०१० पर्यंत पहिल्या विषास अळी पुरून उरल्याचें गुजरातेंत नोंदलें गेलें, व पुढें दुसऱ्यासहि ती सरावली. टेक्ससचा तेरा तासांचा आंकडा उचलून विदर्भास लावावा, तर तेथें ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांतच दिवस तेरा तासांच्या खालीं येतो. मग बोंडें धरण्यापूर्वींच सगळ्या अळ्या निजावयास हव्यात. तसें घडत नाहीं. नागपूरचा हिंवाळा टेक्ससच्या हिंवाळ्यासारखा बोचरा नाहीं, उबेनें झोपेचा हुकूम सैल पडतो, आणि खावयास बोंड असेल तोंवर ऑक्टोबरापासून जानेवारीपर्यंत पिढ्यामागून पिढ्या निघत राहतात. ज्या गांवचें पंचांग त्या गांवींच पाहिलें पाहिजे, ही दानिलेव्हस्की यांची गोष्ट येथें पैशांत मोजतां येते.

शिवाय पंचांग बदलतेंहि. अमेरिकेच्या पूर्व भागांतील दलदलींत कलशाच्या आकाराचें एक कीटकभक्षक झाड असतें, व त्याच्या पानांत सांठलेल्या पाण्यांत एका जातीचा डांस वाढतो. त्याची अळी दिनमान पाहून निजते. ब्रॅडशॉ व होल्झॅप्फेल या दांपत्यानें १९७२ सालचीं व १९९६ सालचीं मापें ताडून २००१ सालीं दाखविलें कीं, पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास हा डांस पूर्वींपेक्षां नऊ दिवस उशिरां निजूं लागला आहे. दिनमान हजारों वर्षांपूर्वींचें तेंच आहे; हिंवाळा मात्र मागें सरकला आहे, आणि किड्यानें चोवीस वर्षांत आपल्या रक्तांतला आंकडा दुरुस्त करून घेतला. वर्षांतून एखाददुसरी पिढी काढणाऱ्या डांसास हें साधलें, तर आमच्या बोंडअळीच्या तर भराभर पिढ्या निघतात.

आमच्या कृषि विद्यापीठांचा सल्ला असा आहे कीं, डिसेंबरअखेर कापूस संपवावा, फरदड घेऊं नये, आणि पऱ्हाट्या रचून न ठेवतां त्यांचा भुगा करून टाकावा. सल्ला योग्य आहे. परंतु ज्याचे पहिले वेंचे पावसानें गेले आहेत, त्यास फरदडीचे चार क्विंटल सोडवत नाहींत. आणि पऱ्हाटी ही त्याच्या घरची चूल असते, गोठ्याचें कूड असते. म्हणून ती रचली जाते, उन्हाळाभर बांधाला पडून राहते, आणि तिच्यावर राहिलेल्या सुकल्या बोंडांत दोन सरक्यांच्या मध्यें ती अळी निजलेली असते.